नक्कल की तालीम?

स्नेहसंमेलनात कोणत्या कार्यक्रमाला किती मिनिटे द्यायची यावर दरवर्षी वाद होतो. यंदा त्या वादात एक तात्त्विक मुद्दा निघाला. आमच्या बँडला वेळ देऊ नये, कारण 'ही मुले स्वतःचे काही करीत नाहीत, परक्यांची जुनी गाणी जशीच्या तशी वाजवतात', असे काहींचे म्हणणे पडले. बरीच खळखळ होऊन आम्हांला बारा मिनिटे मिळाली, पण मुद्दा मागे उरलाच. तो केवळ आमच्या बारा मिनिटांपुरता नाही. कलेत नक्कल कशाला म्हणावे आणि शिक्षण कशाला म्हणावे, असा तो प्रश्न आहे. कला महाविद्यालयाच्या वार्षिकात त्याची चर्चा व्हायला हरकत नसावी.

प्रथम आम्ही करतो काय, ते सांगितले पाहिजे. आम्ही सांगलीतले पाच जण. दोन गिटार, एक बेस गिटार, एक ड्रमसेट आणि एक गाणारा, म्हणजे मी. आमची गाणी साधारण १९६५ ते १९८० या काळातली: डीप पर्पल, ईगल्स, पिंक फ्लॉइड आणि त्यांचे भाऊबंद. म्हणजे आमच्या वडिलांच्याही लहानपणाची गाणी. तालमीची जागा ड्रम वाजवणाऱ्याच्या काकांचे हळदीचे गोदाम. पोत्यांची थप्पी लागलेली असली की आवाज गोळीबंद येतो. माल उठला की तोच आवाज रिकाम्या भिंतींवर आपटून नुसता घुमतो. त्यामुळे आमचे वादन बाजारभावावर अवलंबून आहे, असे आम्ही गमतीने म्हणतो. तालीम आटोपून घरी गेले, तरी अंगाला हळदीचा वास असतो. घरच्यांना न विचारता कळते, पोरगा कुठे होता ते.

आता 'जसेच्या तसे' या शब्दाकडे वळू. हा शब्द वापरणाऱ्यांना ते काम सोपे वाटत असावे. डीप पर्पलच्या 'स्मोक ऑन द वॉटर' या गाण्याचे उदाहरण घ्या. १९७१ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील कसिनो आगीत भस्मसात झाला, त्यावरचे हे गाणे. त्याची सुरुवातीची सुरावट गिटार हाती घेणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यातच वाजवतो. पण पुष्कळ जण ती प्लेक्ट्रमने वाजवतात. मूळ वादक रिची ब्लॅकमोर दोन तारा बोटांनी एकदम खेचतो, म्हणून दोन्ही स्वर एकाच क्षणी उमटतात. प्लेक्ट्रम एका तारेवरून दुसरीवर जाते, त्यात निमिषाचा फरक पडतो आणि त्या फरकात गाण्याचा दरारा जातो. हे पुस्तकात वाचून कळत नाही. शंभर वेळा ऐकल्यावर आपले कानच तक्रार करू लागतात, तेव्हा कळते.

किंवा 'हॉटेल कॅलिफोर्निया' घ्या. १९७६ सालच्या या गाण्याच्या शेवटी दोन गिटारी कधी एकमेकींना उत्तर देतात, कधी हातात हात घालून चालतात. आमच्या दोघा गिटारवाल्यांना ते साधायला चार महिने लागले. एकट्याने दोघेही उत्तम वाजवीत. एकत्र वाजवताना मात्र प्रत्येकाला दुसऱ्यासाठी थांबायला शिकावे लागले. अभ्यासक्रमाच्या कोणत्या विषयात हे शिकवतात? आम्ही काय शिकलो, असे कोणी विचारले तर मी प्रथम हेच सांगेन. आपला आवाज कमी करून शेजाऱ्याचा ऐकणे, हे बँडमधले सर्वांत अवघड काम आहे.

नक्कल हा आक्षेप घेणाऱ्यांनी जरा इतिहासही पाहावा. बीटल्स १९६० च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील हॅम्बुर्गला गेले, ते रात्र रात्र दुसऱ्यांची गाणी वाजवायला. १९६३ साली त्यांची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यातील चौदा गाण्यांपैकी सहा इतरांची होती. 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' हे बॉब डिलनचे १९६७ चे गाणे. १९६८ मध्ये जिमी हेंड्रिक्सने ते अशा काही तऱ्हेने वाजवले, की पुढे खुद्द डिलनही त्याच्या अंगाने ते गाऊ लागला. आपल्याकडचेच सांगायचे, तर मुंबईचा रॉक मशीन हा बँड १९८४ पासून इतरांची गाणी वाजवीत होता, आणि १९८८ मध्ये त्याने स्वतःच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. मराठी रंगभूमीला परिचित असलेला नंदू भेंडे हा आणखी एक दाखला. १९७४ साली मुंबईत झालेल्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' मध्ये त्याने जूडासची भूमिका गाजवली, आणि १९७८ च्या पु. लं.च्या 'तीन पैशाचा तमाशा' मध्ये तोच रॉकचा गळा मराठीत उतरला. परक्या गाण्यांवर तयार झालेला आवाज मराठीला उपयोगी पडला, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

आणि सांगलीकरांनी तर हा आक्षेप घेऊच नये. मराठी नाटकाची जन्मभूमी म्हणून आपण छाती फुगवतो. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी येथे 'सीतास्वयंवर' रंगवले, त्यामागची हकिगत काय आहे? कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिले आणि तसे काही मराठीत करावे, अशी भावे यांना आज्ञा केली. अण्णासाहेब किर्लोस्करांचे १८८० चे 'शाकुंतल' तर कालिदासाच्या नाटकाचे भाषांतरच. तेव्हा कोणी 'स्वतःचे काही करा' म्हणून वेळ नाकारली असती, तर आज आपण कोणत्या परंपरेचा अभिमान बाळगला असता?

पलीकडे मिरजेला जा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात जी संगीतसभा भरते, तिथे गायक पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्याच बंदिशी गातात. त्यांना कोणी नक्कलखोर म्हणत नाही. बंदिश गुरूची, मांडणी आपली, हे सर्वांना मान्य आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील एका कारागिराने आमच्या गिटारीची घोडी घासून दिली. काम करता करता त्यांनी विचारले, "गुरू कोण तुमचे?" आम्ही म्हणालो, "रेकॉर्डच." ते हसले नाहीत. "मग रेकॉर्डपुढं बसा नीट," एवढेच म्हणाले. आमच्या वादनाला तालीम म्हणणारा तो पहिला माणूस.

अर्थात, आक्षेपात अजिबात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. बंदिश गाणारा रोज नवे काही मांडतो. आमच्याकडून श्रोत्यांची अपेक्षा नेमकी उलटी असते. लग्नाच्या स्वागतसमारंभात किंवा हॉटेलात वाजवताना, रेकॉर्डमधली एक जागा इकडची तिकडे झाली तर लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांना गाणे नको असते, आठवण हवी असते. आठवण विकण्याचा हा धंदा माणसाला आळशी करू शकतो. तीच वीस गाणी, त्याच क्रमाने, त्याच टाळ्यांसाठी दहा वर्षे वाजवणारे बँड असतात. त्यांची तालीम कधीच संपलेली असते आणि नुसती हजेरी उरलेली असते. फरक आहे तो इथे. परक्याचे गाणे वाजवणे ही नक्कल नव्हे. त्यातून शिकणे थांबल्यावरही वाजवीत राहणे, ही नक्कल.

दुसरा एक आक्षेप उघडपणे कोणी घेत नाही, कुजबुजीत ऐकू येतो. मराठी शाळेत शिकलेल्या पोराने इंग्रजी गाणी कशाला गावीत? यात दोन्ही बाजूंचे लोक आहेत. काहींना ते मातृभाषेशी द्रोह वाटते, तर काहींना आमचे उच्चार ऐकून हसू येते. पहिल्यांना एवढेच सांगतो की परक्या भाषेत श्वास कुठे घ्यायचा हे शोधताना आपल्या भाषेतील ऱ्हस्वदीर्घाकडे माझे प्रथमच लक्ष गेले. दुसऱ्यांना सांगतो की रॉक संगीत ज्या ब्लूजमधून निघाले, ते अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी निर्माण केले. त्यांचे उच्चार कोणत्या कॉन्व्हेंटमध्ये घडले होते? हे संगीत शुद्ध उच्चारांच्या लोकांची जहागीर कधीच नव्हती. आमचा ड्रमवाला गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टीत वाजवतो आणि त्या पैशातून ड्रमची कातडी बदलतो. त्याच्या हातात मिरवणुकीचा जो ठेका आहे, तो कोणत्याही इंग्रजी रेकॉर्डमध्ये सापडणार नाही. आमचे काही 'स्वतःचे' निघायचे असेल, तर ते त्याच्या हातातून निघेल, असा माझा अंदाज आहे.

पैशांबद्दल थोडक्यात सांगतो. गेल्या कार्यक्रमाचे चार हजार मिळाले. टेम्पोभाडे, तारा आणि फुटलेली एक झांज यांत ते संपले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. तो नियम योग्यच आहे, पण समारंभात भाषणे लांबली की कात्री आमच्यावरच चालते. हे गाऱ्हाणे नव्हे, हिशेब आहे.

खरी चिंता निराळीच आहे. आम्ही तिघे यंदा तृतीय वर्षाला आहोत. निकाल लागला की एक पुण्याला नोकरीला जाईल, एक स्पर्धा परीक्षेला बसेल. गोदामात कोण उरेल, हे सांगता येत नाही. चार महिने खपून दोन गिटारी एकत्र चालायला शिकल्या आणि आता त्या दोन गावांना जाणार. म्हणून मागणी एकच आहे, आणि ती आमच्यासाठी नाही. महाविद्यालयात नाटकाच्या तालमीला जशी खोली मिळते, तशी आठवड्यातून दोन संध्याकाळ एक खोली वाजवणाऱ्या मुलांना मिळावी. मग ती मुले पोवाडा वाजवोत, भावगीत वाजवोत, नाहीतर डीप पर्पल. 'स्वतःचे काय?' हा प्रश्न त्यांना पहिल्या वर्षी विचारू नये. तिसऱ्या वर्षी अवश्य विचारावा, आणि तेव्हा उत्तर मिळाल्याशिवाय सोडू नये. मधली दोन वर्षे मात्र त्यांना रेकॉर्डपुढे नीट बसू द्यावे.

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष कला