घरात सगळ्यांना जॅकेट, बाईला शाल

नोव्हेंबर संपत आला की आमच्या घरात लोखंडी ट्रंक उघडते. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरतो. वर ह्यांचं जॅकेट, त्याखाली मुलाचं, मग मुलीचं. सासूबाईंसाठी लोकरीचा जाड स्वेटर आणि कानटोपी. आणि अगदी तळाशी ‘माझं’ म्हणून जे निघायचं ते म्हणजे ह्यांचाच जुना, कोपरावर विरलेला मरून स्वेटर आणि कुणाच्या तरी लग्नात आहेरात आलेली शाल. सात वर्षं मी याच दोन वस्तूंवर हिवाळे काढले. कुणी मला नाही म्हटलं होतं का? मुळीच नाही. मीच म्हणायचे, ‘मला नाही बाई कसली थंडी वाजत.’

मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्याही तोंडी असणारच!

आम्ही निफाड तालुक्यातले. इथली थंडी पेपरात छापून येते. 2018 च्या डिसेंबरात इथे पारा दोन अंशांच्याही खाली उतरला होता. अशा वेळी द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागांमधून शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबकचं पाणी सोडतात. रात्ररात्र जागतात लोक. द्राक्षाची काळजी घ्यायलाच हवी, वर्षाचं पोट त्यावर आहे. पण त्याच बागेत पहाटे कामाला आलेल्या बायका बघा. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल. थंडीचं एवढंच सामान!

मी हायस्कूलमध्ये शिकवते. सत्र सकाळचं, शाळा 11 किलोमीटरवर, वाहन स्कूटी. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत खोकला धरला तो जाईना. छातीत घुरघुर, रात्री उशीला टेकून बसायचं. डॉक्टरांनी तपासलं आणि औषधं लिहायच्या आधी विचारलं, “मॅडम, गाडीवर अंगात काय घालता?” मी स्वेटर म्हटल्यावर ते हसले. म्हणाले, “स्वेटरला भोकं असतात.” त्यांचं म्हणणं, थंड हवेनं माझ्या श्वासनळ्या आवळतात, दम्याकडे कल आहे, वारा छातीवर घेणं बंद करा. त्या महिन्यात औषधं, एक्स-रे आणि पंप मिळून जो खर्च झाला त्यात दोन जॅकेटं आली असती.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आपल्याला गारठवतो तो नुसता पारा नव्हे, वारा. अंगाभोवती ऊबदार हवेचा एक पातळ थर असतो, वारा तो उडवून नेतो. हवा 8 अंश असेल आणि आपण 40 च्या वेगाने गाडीवर असू, तर उघड्या कातडीला ती 3 अंशांसारखी लागते. हे हवामानवाल्यांचं गणित आहे. स्वेटर घरात झकास, कारण तो हवा धरून ठेवतो. गाडीवर तीच हवा वारा त्याच्या टाक्यांतून पळवून नेतो. मग दोन स्वेटर चढवा नाही तर तीन.

यावर उपाय काढला तो बर्फातल्या माणसांनी. ‘पार्का’ म्हणजे मांड्यांपर्यंत लांब, टोपी जोडलेलं जॅकेट. उत्तर ध्रुवाकडच्या लोकांनी ते जनावरांच्या कातड्याचं केलं, आणि कॅनडातल्या इन्युइट लोकांत ते शिवायचं काम बायकांचं. तिथल्या बाईच्या पार्क्याला पाठीवर बाळासाठी पिशवी असते. त्याला ‘अमाउती’ म्हणतात. बाळ आईच्या पाठीला चिकटून, आईच्याच कपड्यात. मला हे फार आवडलं. तिथे बाईचा कपडा आधी तिच्या कामाचा विचार करून शिवला गेला.

आणि आपल्याकडे? ‘लेडीज’ जॅकेट म्हणून दुकानात जे टांगलेलं असतं ते बघून माझं तर डोकंच फिरतं. कंबरेच्या वर संपणारं, अंगाला घट्ट, खिसे नुसते दिसायला, टोपीला फरची झालर. माझी पहिली खरेदी अशीच फसली. गुलाबी रंग, फर, मुलगी म्हणाली, “आई, मस्त दिसतेस!” दुसऱ्या दिवशी गाडीवर बसले तर पाठीमागून ते वर सरकलं आणि सगळा वारा कंबरेत. ते आता मुलगी वापरते.

पुढच्या वेळी मी नीट बघून घेतलं. आमच्याकडे दर हिवाळ्यात तिबेटी लोक स्वेटर-जॅकेटांची दुकानं मांडतात, त्यांचा बराच माल लुधियानाचा असतो. भाव सहसा एकच, घासाघीस नाही. मला आधी ते रुचायचं नाही, पण कपडा मनसोक्त हाताळू देतात हेही खरं. तिथे मी एक सोपी परीक्षा केली. जॅकेटच्या कापडाला तोंड लावून जोरात फुंकर मारायची, दुसऱ्या बाजूला तळहात धरायचा. फुंकर हाताला लागली तर वाराही लागणार. चार जॅकेटं अशी फुंकल्यावर दुकानातली बाई खळखळून हसली, आणि मग तिनेच आतून दुसरा गठ्ठा काढला.

बाकी बघायचं ते आपल्याला गोधडीवरून कळतंच. जिथे टाका तिथे भरण दबतं, तिथून गारवा येतो. म्हणून फार जवळजवळ टाके मारलेलं जॅकेट फुगीर दिसलं तरी गाडीवर दगा देतं. आत पॉलिस्टरचं भरण असलं तरी चालतं. पिसांचं महाग असतं, भिजलं की त्याची ऊब जाते, आणि आपल्याला कुठे हिमालयात राहायचंय! चेनच्या मागे किंवा पुढे कापडाची पट्टी हवीच, नाही तर चेनच्या दातांतून वारा थेट छातीवर. मनगटाला इलॅस्टिक, गळा हनुवटीपर्यंत बंद होणारा. टोपी काढता येणारी असावी, कारण हेल्मेटखाली ती मावत नाही. लांबी मांडीपर्यंत, आणि चेन खालूनही उघडणारी मिळाली तर सोडू नका, साडी नेसून गाडीवर बसताना तिचं मोल कळतं. माप एक नंबर मोठं. आतल्या स्वेटरला जागा हवी, घट्ट जॅकेटात हवाच राहत नाही तर ऊब कुठून राहणार?

हे सगळं मला मिळालं ते पुरुषांच्या रांगेत. निळ्या रंगाचं, खरे खोल खिसे असलेलं, 1,350 रुपयांना. ‘गेंट्सचं कशाला?’ असं घरी विचारलं गेलं. मी म्हटलं, सात वर्षं गेंट्सचाच स्वेटर घालत होते, तेव्हा कुणी विचारलं नाही.

तेवढे पैसेही नसतील तर साधं विंडचीटर घ्या आणि खाली घरातलाच स्वेटर घाला. ऊब स्वेटरची, आड विंडचीटरची. पावसाळी रेनकोटही चालतो, फक्त आत घाम धरतो. एक मात्र कळकळीने सांगते, स्टोल आणि ओढणीची टोकं मोकळी सोडून गाडी चालवू नका. चाकात अडकून भयंकर अपघात होतात.

आता मुख्य प्रश्न. ‘एवढ्यासाठी कशाला? थंडी असते किती दिवस?’ दोन महिने तरी असतेच की. वर्षातून दोनदा नेसायच्या साडीला आपण तीन हजार सहज मोजतो, कारण ती चारचौघांत दिसते. रोज पहाटे अंधारात घालायच्या जॅकेटला मात्र हात आखडतो. नवऱ्यांना दोष देऊन भागणार नाही, यादी आपणच करतो आणि आपलं नाव आपणच गाळतो. माझ्या मुलीने मागच्या वर्षी तिच्या पैशातून वडिलांना हातमोजे आणले. मला विचारलं, “तुला काय लागतं गं थंडीत?” तिने हे वाक्य माझ्याचकडून उचललेलं होतं. मला ते लागलं.

परवा शाळेतून येताना बागेत कामाला जाणाऱ्या शेजारच्या मावशींनी माझ्या बाहीचं कापड चिमटीत धरून पाहिलं. “केवढ्याला घेतलं, बाई?” मी सांगितलं. त्या बोटांवर मजुरीचे दिवस मोजू लागल्या, मग म्हणाल्या, “औंदा पोराला घेतलंय. माझं राहू द्या.” मी त्यांना विंडचीटरचा भाव सांगितला, फुंकर मारायची ती परीक्षाही दाखवली. बराच वेळ त्या माझ्याच बाहीवर फुंकत होत्या.

रविवारी आम्ही दोघी बाजारात जाणार आहोत. त्यांना खिसे हवेत, खोल, बागेतली कात्री मावेल असे.