वादळातील नाव आणि आपली सांत्वने

२१ मे २०२४ रोजी सायंकाळी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण बुडाले, त्यांत दोन बालके होती. अशा वेळी आपण चटकन म्हणतो, ‘देवाची इच्छा!’ या उद्गाराला श्रद्धा म्हणावयास आम्ही तयार नाही.

भीमेवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि करमाळा व इंदापूर तालुक्यांतील समोरासमोरची गावे यशवंतसागराने एकमेकांपासून तोडली. रस्त्याने जावे तर मोठा वळसा, म्हणून बोट. पुलाची मागणी तेव्हाही जुनीच होती. (धरण ‘मायनस’मध्ये गेले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि ते पाहावयास गर्दी लोटते, बोटीने रोज ये-जा करणाऱ्यांकडे मात्र कोण पाहतो?) हे सारे माणसांनी ठरविले, माणसांनीच लांबविले. माणसांची ही उधारी परमेश्वराच्या खात्यावर मांडणे म्हणजे भक्ती नव्हे, ती निंदा आहे.

मग देव कोठे होता? येथे गालील सरोवरातील वादळाचा दाखला देऊन दुःखितांनाच ‘अल्पविश्वासी’ ठरविण्याची आपल्याकडे रीत आहे. संत मार्कचे शुभवर्तमान अशांनी पुन्हा वाचावे. आम्ही बुडतो आहोत, तुला काळजी नाही काय, असे शिष्य प्रभूला जवळजवळ दरडावतात. प्रभू आधी उठून वाऱ्याला धमकावतो. शिष्यांना बोलतो ते त्यानंतर. करुणा आधी, कानउघाडणी मागाहून. आपण नेमका हा क्रम उलटा करतो. शिवाय, ज्याचे आपल्याकडे लक्ष नाही अशी खात्री असते, त्याला कोणी हाका मारीत नाही. तो आक्रोश हाच त्यांचा विश्वास होता.

उजनीत त्या सायंकाळी वारा शमला नाही. का, याचे उत्तर आमच्यापाशी नाही. ज्यांच्यापाशी ते तयार असते त्यांचे आम्हाला भय वाटते. लाजराच्या बहिणींनी ‘तू येथे असतास तर’ असा ठपका ठेवला, तेव्हा प्रभूनेही स्पष्टीकरण दिले नाही की इच्छेचा हवाला दिला नाही. तो रडला. परमेश्वराचे आपल्याकडे लक्ष आहे असे आम्ही मानतो, ते या अश्रूंच्या भरवशावर.

बुडालेल्यांचा शोध त्यानंतर दोन दिवस चालला होता. अशा काठावर जाण्याची वेळ आली, तर आपल्या धर्मग्रामांनी उपदेश घरी ठेवावा आणि भाकरी बांधून न्यावी. येत्या रविवारी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत मृतांबरोबर पुलाचा आणि लाइफ जॅकेटांचाही उल्लेख व्हावा. आणि सोमवारी तोच मजकूर तहसील कचेरीत अर्ज म्हणून द्यावा.