शून्य कुठून धरू?

भाची यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, इथेच पुण्यात. परवा तिची ड्रॉइंगची शीट बघत होतो. बाणांची टोकं काय सुरेख! लांबी रुंदीच्या बरोब्बर तिप्पट. पण पट्टीवरच्या पाच होलांची मापं तिने एकापुढे एक, साखळीसारखी दिली होती. माझ्या पोटात गोळाच आला.

नोकरीच्या पहिल्या वर्षी भोसरीत मी हेच केलं होतं. पाच होल, दोन होलांमध्ये २० मिमी, टॉलरन्स ±०.१. दिसायला सगळं ठीक. पण प्रत्येक होल आधीच्या होलापासून मोजायचं म्हटलं की फरक साठत जातो. पाचवं होल पहिल्यापासून ८० ऐवजी ८०.४ वर गेलं तरी ड्रॉइंगप्रमाणे ते बरोबरच! मला तर ८० ±०.१ हवं होतं. सगळी मापं पहिल्या होलापासून दिली असती, २०, ४०, ६०, ८०, तर एकाचा फरक दुसऱ्याच्या बोकांडी बसला नसता. (शेजारच्या दोन होलांमध्ये मग ±०.२ चालवून घ्यावं लागतं, हे कबूल. जोडणीत कुठलं अंतर महत्त्वाचं, ते आधी ठरवायला हवं.)

मशीनवरचे काका काम सुरू करण्याआधी ड्रॉइंग घेऊन माझ्याकडे आले होते. "साहेब, शून्य कुठून धरू?"

"लिहिलंय की त्यावर," मी म्हणालो. मान वर न करता.

पट्ट्या बसल्या नाहीत. बोलणी काकांनी खाल्ली. ड्रॉइंगवर सही माझी होती आणि मी गप्प उभा होतो. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही बरं वाटत नाहीये.

म्हणून माझं मत असं, की शीट तपासताना नुसत्या रेघा आणि बाण बघू नयेत. पुण्यातल्या कारखान्यांत जर्मन ड्रॉइंग येतं, त्यात साडेबारा १२,५ असं स्वल्पविरामाने लिहिलेलं असतं. अमेरिकन येतं, त्यात वरून दिसणारं चित्र आपल्या सवयीप्रमाणे खाली नसतं, वर असतं. वाचणारा समजून घेतो. पण शून्य कुठलं, हे लिहिणाऱ्याने सांगितलं नाही तर तो बिचारा काय करणार?

पहिल्या वर्षाला वर्कशॉप असतंच. एकीची शीट दुसरीच्या हातात द्या, तोंडी काही सांगू नका, आणि जॉब करायला लावा. मार्क त्या जॉबवर.

भाची म्हणते, "मामा, अर्धा वर्ग नापास होईल!"

होऊ दे की.