सडलेला दीड फूट

तर मंडळी, या वीकेंडला कोडवर काही नाही. विषय लाकडाचा.

बाळकुमच्या गावठाणात आमचं जुनं घर आहे. सागवानी खांब, तुळया, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटी. आजूबाजूला टॉवर, नाक्यावर मेट्रो ५ चे खांब, त्यामुळे घरात सध्या दोन पार्ट्या. चुलतभाऊ म्हणतात, पाडा आणि चार मजले चढवा. आत्या म्हणते, "माझ्या आईचं घर आहे, हात लावू नका." माझं दोघांशीही पटत नाही.

कारण सडलंय काय, तर ओटीच्या एका खांबाचा खालचा दीड फूट. बस्स. जमिनीची ओल लाकडात चढू नये म्हणून जुन्या लोकांनी खांब दगडी तळखड्यावर उभा केला होता. पुढे कधीतरी फरशी बसवताना बुंध्याभोवती सिमेंट भरलं गेलं. चुना ओल सोडतो, सिमेंट कोंडून ठेवतं. अमेरिकेत ओंडक्यांच्या जुन्या केबिनी असतात ना, तिथेही हेच रडगाणं: जमिनीलगतचा ओंडका आधी कुजतो, फटीत सिमेंट भरलं की आणखी लवकर. पण म्हणून लगेच केबिन पाडत नाहीत. जॅकवर उचलतात, तेवढा ओंडका बदलतात.

आमचे सुतार मिस्त्री वेगळं काय सांगतात? तुळईला टेकू द्यायचा, कुजकं कापायचं, खाच करून जुन्या सागाचा तुकडा जोडायचा. (जुना साग कुठून येतो? कुणाच्या तरी पाडलेल्या घरातून!)

जोएल स्पोल्स्कीचा २००० सालचा नेटस्केपवरचा लेख तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचला असेल. चौथ्या आवृत्तीनंतर त्यांनी सगळा कोड नव्याने लिहायला घेतला. पाचवी कधी आलीच नाही, थेट सहावी, आणि तोवर बाजार मायक्रोसॉफ्टने खाल्ला होता. त्याचा मुद्दा असा की जुन्या कोडमधली विचित्र दिसणारी ओळ म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी सोडवलेला बग असतो. आमचा तळखडा ही तसलीच ओळ. फरशीवाल्याला ती वाचता आली नाही, इतकंच.

आता आत्याचं. हात न लावता लाकडी घर टिकत नाही. कौलं दर वर्षी शाकारावी लागतात, वाळवी बघावी लागते, वायरिंग तर बदलायलाच हवं. आणि चुलतभावांची जागेची अडचण खोटी नाही, दोन खोल्यांत तीन बिऱ्हाडं म्हणजे चेष्टा नव्हे. मग मागच्या परसात बांधा की नवीन, हवं तर स्लॅबचं. खर्चात माझा वाटा घाला. पण त्यासाठी पुढची ओटी पाडायची गरज काय?

मिस्त्री सत्तरीचे आहेत, मुलगा मॉड्युलर किचनच्या धंद्यात. काम पावसाच्या आत करायचं तर मेमध्ये, असं ते म्हणतात. चुलतभावांना मेल टाकलाय. आत्याला मात्र समोर बसूनच सांगावं लागेल, तेही तिची सिरीयल संपल्यावर :)