पंखा फिरतो, तरी यंत्र कां थांबतें?

गेल्या चैत्रांत वाशीम तालुक्यांतील अनसिंग येथें आमच्या घरचा संगणक ऐन दुपारीं आपोआप बंद पडूं लागला. घरांतील वडील मंडळींनीं, आणि त्यांत प्रथम आम्हींच, दोष नातवाच्या खेळांस दिला. मुलगा बिचारा खालीं मान घालून उभा राहिला. दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांनीं तर मदरबोर्डच बदलावयास सांगितला. खर्च मोठा, सबब आधीं कारण शोधावें असें ठरलें.

वऱ्हाडचा उन्हाळा वाचकांस ठाऊक आहेच. पारा ४० अंशांच्या वर गेला म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणें अधिकच कठीण होतें. त्याकरितां त्याच्या डोक्यावर धातूच्या पातळ पट्ट्यांची जाळी व तीवर १२ व्होल्टांचा लहान पंखा बसविलेला असतो. उष्णतेनें मर्यादा ओलांडली कीं जळून जाण्यापूर्वीं यंत्र स्वतःच थांबतें. पुण्याच्या आयसर संस्थेंतील 'परम ब्रह्म' या महासंगणकासही द्रवाच्या प्रवाहानें निववावें लागतें. मग आमच्या पेटीची काय कथा!

पेटी उघडून पाहतों तों पंखा फिरत होता! तेव्हां नातू हळूच म्हणाला, "आजोबा, सुरू करतांना रोज 'सीपीयू फॅन एरर' असें येतें. एफ १ दाबलें कीं पुढें जातें. मीं तुम्हांला दिवाळींतच सांगितलें होतें."

दिवाळीच्या साफसफाईंत पंख्याची तार आम्हींच काढली होती, आणि 'सीपीयू फॅन' या खुणेच्या जागीं न लावितां शेजारच्या 'सिस्टिम फॅन'च्या जागीं लावली होती. पंख्याच्या चार तारांपैकीं दोन वीज देतात, तिसरी फेऱ्यांची वर्दी देते व चौथीवरून वेगाची आज्ञा येते. जागा चुकल्यानें वर्दी पोंचेना, आणि प्रोसेसर तापला तरी पंख्याचा वेग वाढेना. थंडींत निभावलें, चैत्रांत निभावलें नाहीं. तार योग्य जागीं बसविली, जाळींतील धूळ झाडली, आणि यंत्र पूर्ववत् चालूं लागलें.

पेटी उघडावयाची झाल्यास प्रथम भिंतींतील प्लग काढावा व सुरू करण्याची कळ कांहीं क्षण दाबून धरावी, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. पंखा झाडतांना पातें बोटानें धरून ठेवावें. पंखे फिरतात पण पडदा काळाच, असें झाल्यास २४ पिनांचा मोठा जोड आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा जोड, हे दोन्ही खटका लागेपर्यंत बसले आहेत कीं नाहींत तें पाहावें. एसएमपीएसची पेटी मात्र घरीं कदापि उघडूं नये; २३० व्होल्टांची वीज तींत येते, व प्लग काढल्यावरही कांहीं काळ तिचा अंश आंत टिकून राहतो.

यंत्रानें पांच महिने रोज इशारा दिला. तो एफ १ दाबून गप्प केला गेला. मुलानेंही सांगितलें होतें. तें आम्हीं कानाआड केलें. तार बसविल्यावर त्याच संध्याकाळीं सर्वांदेखत आम्हीं आपली चूक त्याजपाशीं कबूल केली. दुरुस्तीचें तें काम राहून गेलें असतें, तर उरलेलें व्यर्थ होतें.