मानेतील धमन्या आणि पुस्तकातील चित्र

कंठमण्याच्या बाजूस दोन बोटे हलकेच टेकवली की एक ठोका जाणवतो. हा ठोका कॅरॉटिड धमनीचा होय. चेहरा, मस्तक आणि मेंदूचा फार मोठा भाग यांचे पोषण या धमनीवर अवलंबून असते. सुश्रुतसंहितेत मानेतील आठ सिरामातृकांची गणना तत्काळ प्राण हरण करणाऱ्या मर्मांत केली आहे. या भागाचे महत्त्व आपल्याकडे पुरातन काळीच ओळखले गेले होते, हे त्यावरून दिसते.

शरीररचनेच्या पुस्तकातील वर्णन असे असते : उजवी कॅरॉटिड धमनी गळ्याच्या तळाशी एका आखूड, जाड धमनीपासून निघते, डावी थेट महाधमनीच्या कमानीपासून निघते. दोन्ही धमन्या कंठमण्याच्या कूर्चेच्या वरच्या कडेशी दुभागतात. अंतःस्थ शाखा मानेत एकही फाटा न देता कवटीत शिरते. बाह्य शाखा आठ फाटे देऊन चेहरा, जीभ व टाळू यांस रक्त पुरवते. हे वर्णन सुटसुटीत आहे आणि परीक्षेस पुरेसे आहे. मात्र पुस्तक पुढे ठेवून निसर्गाने माणसे घडवलेली नाहीत.

कित्येकांत धमनी नेहमीपेक्षा वर, जिभेच्या मुळाशी असलेल्या लहान हाडाजवळ दुभागते. काहींत ती बरीच खाली दुभागते. एकाच माणसाच्या दोन बाजूही सारख्या असतीलच असे नाही. जिभेची व चेहऱ्याची धमनी पुष्कळदा एकाच खोडातून निघतात. काहींत डावी कॅरॉटिड उजव्या बाजूच्या खोडाशी जोडलेली आढळते. या रचनेस ‘गोवंशीय कमान’ असे नाव पडले आहे. परंतु गाईबैलांतील रचना प्रत्यक्षात निराळीच असते. गर्भावस्थेत मानेच्या भागात धमन्यांच्या कमानींच्या जोड्या निर्माण होतात. त्यांपैकी काही टिकतात, काही लोप पावतात. तिसऱ्या जोडीपासून कॅरॉटिड धमन्या बनतात. या घडामोडीत थोडा फरक पडला, तरी तो जन्मभर कायम राहतो. यास्तव अशा रचनेस ‘दोष’ न म्हणता ‘भिन्नता’ म्हणणेच योग्य होय. तिचा धनी बहुधा पूर्ण निरोगी आयुष्य जगतो.

धोका निर्माण होतो तो शस्त्र चालवताना. अंतःस्थ कॅरॉटिड धमनी सामान्यतः टॉन्सिलच्या मागे व बाहेरच्या अंगास सुमारे २५ मिलिमीटरवर असते. परंतु काहींत ती वळणे घेत घशाच्या भिंतीलगत येते. अशा वेळी टॉन्सिलची साधी शस्त्रक्रियाही जिवावर बेतू शकते. चेहऱ्यातील अनावर रक्तस्राव थांबवण्यासाठी बाह्य शाखा बांधावी लागते. ‘बाह्य’ या नावावरून ती बाहेरच्या अंगास असेल असे वाटते. पण उगमाशी ती बहुधा पुढे व आतल्या अंगासच असते, आणि काहींत मात्र खरोखरच बाहेर असते. चुकून अंतःस्थ शाखा बांधली गेली, तर अर्धांगवायूचा धोका ओढवतो.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, आता ध्वनिलहरींनी व क्ष-किरणांनी धमन्यांची चित्रे घेता येतात, मग ही चिंता कशाला? एगास मोनिझ यांनी १९२७ साली लिस्बन येथे कॅरॉटिड धमनीत द्रव्य सोडून मेंदूतील धमन्यांची चित्रे मिळवली. तेव्हापासून ही विद्या खूपच पुढे गेली आहे, यात शंका नाही. तथापि अपघातात मान चिरलेल्या रोग्याचे चित्र काढण्यास नेहमीच अवसर मिळत नाही. प्रत्येक गावी तशी सोयही नसते. शिवाय चित्र समोर असले, तरी कोणकोणत्या भिन्नता संभवतात हे ज्यास ठाऊक नाही, त्यास ती दिसूनही उमगणार नाही.

हे ज्ञान अखेर शवविच्छेदनातूनच आले आहे. रिचर्ड क्वेन यांचा धमन्यांवरील ग्रंथ १८४४ साली प्रसिद्ध झाला. तो १,०४० देहांच्या निरीक्षणावर आधारलेला होता. भारतात मधुसूदन गुप्त यांनी १८३६ साली कलकत्त्याच्या वैद्यक महाविद्यालयात शवविच्छेदन करून जुना संकोच मोडला. आज देशभरच्या वैद्यक महाविद्यालयांत विच्छेदन चालते. पण टेबलावरील देह पुस्तकाशी जुळला नाही, तर विद्यार्थी त्यास अपवाद समजून पुढे जातो. तसे न करता प्रत्येक भिन्नतेची रेखाकृतीसह नोंद ठेवणे हा शिक्षणाचा नियमच झाला पाहिजे. एकेक नोंद क्षुद्र वाटेल. परंतु त्यांच्या संचयातूनच भारतीय शरीराचे विश्वसनीय ज्ञान उभे राहील.

या कामात सामान्य नागरिकासही वाटा आहे. मरणोत्तर देहदान करणारा माणूस विद्यार्थ्यास असा धडा देतो, की जो कोणत्याही छापील पानावर सापडत नाही. पुढे एखाद्या रोग्याच्या मानेवर शस्त्र टेकवताना त्या विद्यार्थ्याचा हात क्षणभर थांबला आणि त्याने धमनी नीट निरखून घेतली, तर ते दान सार्थकी लागले असे म्हणावे.