कमांडो येईपर्यंत काय?

संध्याकाळी सात-साडेसातला आमच्या होळीच्या नाक्यावर या. वसई स्टेशनवरून शेअर रिक्षा भरभरून येत असतात, ऑफिस सुटलेली माणसं भाजीची पिशवी सांभाळत घराकडे वळत असतात आणि कडेला कुठेतरी चार-पाच पोरं एकाच मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली असतात. परवा मीही डोकावले. रील मार्कोसचं होतं. पाण्यातून हळूच वर येणारी बंदूक, काळं फासलेला चेहरा, मागे ढॅणढॅण म्युझिक. त्या पोरांत माझा मामेभाऊही होता. त्याची बारावी झाली आहे आणि पोलीस भरतीची तयारी चालू आहे. मी विचारलं, "काय रे, सोळाशे मीटर किती मिनिटांत मारतोस हल्ली?" तर म्हणाला, "ताई, हवालदार व्हायला कोण बघतंय? आपल्याला डायरेक्ट कमांडो व्हायचंय."

यावर बाकीची पोरं हसली नाहीत, कारण सगळ्यांना तेच व्हायचं होतं.

स्वप्न चांगलंच आहे, ते मोडायला मी हा लेख लिहीत नाहीये. पण त्यातला 'डायरेक्ट' हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. आपल्या सगळ्यांच्याच मनात हा 'डायरेक्ट' बसलाय असं मला वाटतं. संकट आलं की आकाशातून हेलिकॉप्टर येणार, दोर सुटणार, कमांडो उतरणार आणि विषय संपणार. सिनेमात ते दोन मिनिटांत होतं. खऱ्या आयुष्यात ते येईपर्यंतचे तास असतात. त्या तासांबद्दल आपण बोलत नाही, आणि मला बोलायचंय ते त्यांच्याबद्दलच.

आधी 'डायरेक्ट'चा हिशोब. आपल्याकडे विशेष दलं बरीच आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. लष्कराची पॅरा स्पेशल फोर्सेस शत्रूच्या हद्दीत घुसून ठरलेलं लक्ष्य गाठून परत यायचं काम करतात. २०१६ चा सर्जिकल स्ट्राइक त्यांचाच. १९८७ साली उभे राहिलेले मार्कोस नौदलाचे. समुद्र, किनारा, जहाज ही त्यांची जागा, पण काश्मीरमध्ये वुलर तलावावरही ते वर्षानुवर्षं तैनात राहिलेत. हवाई दलाचे गरुड २००४ चे, आणि विमानतळांचं संरक्षण हे त्यांचं मूळ काम. एनएसजी, म्हणजे आपले 'ब्लॅक कॅट', १९८४ साली उभे राहिले. ते गृहमंत्रालयाच्या हाताखाली येतात आणि ओलीस सोडवणं, विमान अपहरण, बॉम्ब निकामी करणं ही त्यांची कामं.

आता गंमत बघा. एनएसजीमध्ये आपल्यासारख्याला थेट भरती होताच येत नाही. तिथले जवान लष्करातून आणि केंद्रीय पोलीस दलांतून ठरावीक काळासाठी येतात. प्रत्यक्ष हल्ला करणारा स्पेशल ॲक्शन ग्रुप लष्करी जवानांचा असतो, तर त्याला साथ देणारा स्पेशल रेंजर ग्रुप पोलीस दलांतल्या जवानांचा. मार्कोस व्हायचं तर आधी नौदलात जावं लागतं. महाराष्ट्राच्या फोर्स वनमध्ये जायचं तर आधी महाराष्ट्र पोलिसांत. म्हणजे माझ्या भावाला ज्या हवालदारकीचं काही वाटत नाही, तोच कमांडोच्या घराचा दरवाजा आहे. दुसरा दरवाजा नाही. व्हॉट्सॲपवर कोणी 'एनएसजी थेट भरती'चा फॉर्म आणि फी पाठवली, तर पैसे भरण्याआधी एवढं तरी आठवा.

आता २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीकडे या. मी तेव्हा शिशुवर्गात होते, तुमच्यातले काही जन्मलेही नसतील. म्हणून क्रम नीट लावून सांगते.

दहा दहशतवादी 'कुबेर' नावाची मासेमारीची बोट पळवून मुंबईजवळ आले आणि शेवटचं अंतर रबरी बोटीतून कापून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले. तेव्हा रात्रीचे साडेआठ-नऊ झाले होते. तिथल्या लोकांनी त्यांना पाहिलं होतं. कोण, कुठले, असं विचारलंही होतं. उत्तर उडवाउडवीचं मिळालं आणि ते शहरात मिसळले. साडेनऊच्या आसपास गोळीबार सुरू झाला. मार्कोस मुंबईतच होते, तरी ते ताजमध्ये शिरले ते मध्यरात्र उलटून गेल्यावर. एनएसजीचा तळ हरियाणात मानेसरला. जवान जमवायचे, दिल्लीच्या विमानतळावर आणायचे, विमान मिळवायचं, मुंबईत उतरून पुन्हा बसने कुलाब्याकडे जायचं. सकाळ झाली. पुढे त्यांनी जे केलं ते आपण विसरूच शकत नाही. मेजर संदीप उन्नीकृष्णन ताजमध्ये आणि हवालदार गजेंद्रसिंग बिष्ट नरिमन हाउसमध्ये शहीद झाले. पण २९ तारखेला सकाळी ताज मोकळं होईपर्यंत १६६ जीव गेले होते.

मग रात्री साडेनऊ ते सकाळ, एवढा वेळ शहर कोणी सांभाळलं?

सीएसटीवर विष्णू झेंडे नावाचे रेल्वेचे उद्घोषक होते. समोर गोळीबार दिसत असताना ते माइकवरून प्रवाशांना सांगत राहिले की इकडे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. कामा हॉस्पिटलमध्ये अंजली कुलथे या परिचारिकेने वीस गर्भवती बायकांना सुरक्षित खोलीत नेऊन रात्र काढली. तेव्हाचे डीसीपी विश्वास नांगरे पाटील हाताशी असलेल्या मोजक्या पोलिसांना घेऊन ताजमध्ये शिरले. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर कामाजवळच्या गल्लीत गेले ते परत आले नाहीत. आणि गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे. सहायक उपनिरीक्षक, हातात काठी. कसाबच्या एके-४७ ची नळी त्यांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, पण सोडली नाही. दहा जणांपैकी एकटा कसाब जिवंत सापडला. तो सापडला नसता तर हा कट कुठे शिजला हे जगासमोर सिद्ध करणं किती अवघड गेलं असतं, विचार करा.

यातलं कोणीही 'विशेष दल' नव्हतं. तरीही विशेष दल येईपर्यंतची रात्र त्यांच्यावरच पडली. त्यांच्या शौर्याचे आपण दरवर्षी फोटो शेअर करतो. पण ओंबळ्यांच्या हातात काठीच का होती, हा प्रश्न फोटोखाली लिहीत नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २००९ मध्ये एनएसजीचे तळ मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकात्यात आले. त्याच वर्षी महाराष्ट्राने फोर्स वन उभं केलं. नौदलाने सागर प्रहरी बल उभारलं. किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणी, मच्छीमारांना ओळखपत्रं, वर्षातून 'सागर कवच' सराव, गावोगावी सागर रक्षक दल, हे सगळं झालं. दिशा बरोबर आहे. कारण २६/११ चा खरा धडा कमांडो कमी पडले हा नव्हता. ते लांब होते आणि मधल्या कड्या कच्च्या होत्या.

विशेष दल कसं घडतं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण बघायला परदेशी सिनेमा नको. आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, ते आहे. १९९० मध्ये तिथल्या पोलिसांनी नक्षलवाद्यांशी लढायला साठ जवानांचं एक पथक तयार केलं. म्हणून नाव सी-६०. पुढे ते वाढत गेलं, नाव तेच राहिलं. जवान निवडले ते त्याच जिल्ह्यातले. गोंडी-माडिया बोलणारे, कुठला नाला पावसात ओलांडता येत नाही हे लहानपणापासून माहीत असलेले. एकेका तुकडीला तिच्या नेत्याच्या नावाने ओळखतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याच्या जंगलात जी मोठी चकमक झाली आणि २६ नक्षलवादी मारले गेले, ती याच पथकाची. पण त्याच जिल्ह्यात १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोट झाला. शीघ्र कृती पथकाचे १५ जवान आणि गाडीचा चालक गेले. रस्त्याने, खासगी गाडीतून जात होते. लढायला निष्णात माणूससुद्धा प्रवासाची साधी व्यवस्था चुकली की वाचत नाही.

सी-६० चं बळ त्यांच्या रायफलीत जितकं आहे, तितकंच त्यांच्या भाषेत आणि ओळखीच्या पायवाटांत आहे. आता हेच वसईला लावून बघा.

समजा, उद्या आपल्या किनाऱ्यावर काही झालं. फोर्स वन गोरेगावला. नकाशात जवळ दिसतं. पण तुम्ही इथे राहता, तुम्हाला माहितीये. वसई आणि भाईंदरच्या मधे खाडी आहे. खाडीवर रेल्वेचा पूल आहे, गाडीचा नाही. २०२४ मध्ये रो-रो सुरू झाली, पण ती फेरीबोट आहे, पूल नव्हे. म्हणजे दहिसर, काशिमीरा, फाउंटन, वर्सोवा पूल, मग वसई फाटा आणि तिथून आत गावात. फाउंटनला आपण सगळ्यांनी आयुष्याचे किती तास घालवलेत? हेलिकॉप्टर आणलं तरी आधी कोणीतरी अचूक सांगायला हवं की कुठे यायचं, किती जण आहेत, कोणत्या वाटेने गेले.

ते कोण सांगणार? पाचूबंदरचा, नायगावचा, अर्नाळ्याचा कोळी सांगेल. भरती-ओहोटीला कुठल्या तोंडातून होडी आत घेता येते, कुठली बोट आपली नाही, कुठला माणूस जाळं धरण्याच्या पद्धतीवरून मच्छीमार वाटत नाही, हे त्याला कळतं. गडचिरोलीत जंगल ओळखणाऱ्याला दलात घेतलं. इथे समुद्र ओळखणाऱ्याला आपण सरावाच्या दिवशी बोलावतो, शिट्टी आणि जॅकेट देतो, फोटो काढतो. एरवी त्याचा संबंध येतो तो कागदपत्रं दाखवा म्हणणाऱ्यांशी. ज्याला सतत तपासलं जातं, तो स्वतःहून फोन करेल का?

कोणी म्हणेल, मग विशेष दलं नकोतच का? हवीतच. बंद खोलीत ओलिसांसोबत बसलेल्या बंदूकधाऱ्याशी लढणं हवालदाराचं काम नाही. तिथे हजारो वेळा दार फोडायचा सराव केलेला माणूसच लागतो. आणि म्हणूनच त्याला दुसऱ्या कामाला जुंपू नये. एनएसजीचे जवान कित्येक वर्षं नेत्यांच्या मागेपुढे उभे राहत होते. २०२४ मध्ये ते काम सीआरपीएफकडे द्यायचा निर्णय झाला, १९८४ नंतर चाळीस वर्षांनी.

पण नवं कमांडो पथक जाहीर करणं सोपं असतं. संचलन होतं, काळे युनिफॉर्म दिसतात, बातमी होते. आम्ही बातमीवालेही तीच छापतो, हे मला इंटर्नशिपच्या चार महिन्यांत कळलंय. सागरी पोलिसांच्या बोटीला डिझेल किती, दुरुस्ती कधी झाली, चालवणारा खलाशी आहे का, ठाण्यातल्या किती जणांना पोहता येतं, बीटवरच्या हवालदाराने शेवटचा गोळीबाराचा सराव कधी केला, याची बातमी होत नाही. ती व्हायला हवी. आणि तुम्ही वाचक म्हणून ती मागायला हवी. निवडणुकीत गल्लीत मतं मागायला येणाऱ्यांना पाण्याचा आणि रस्त्याचा प्रश्न विचारता, त्यात हाही एक घाला.

दोन नंबर मोबाइलमध्ये आत्ताच सेव्ह करा: १०९३ सागरी पोलिसांचा, १५५४ तटरक्षक दलाचा. होळीच्या नाक्यावरच्या त्या पाच पोरांना मी विचारलं होतं, एकालाही माहीत नव्हते. खरं सांगायचं तर, लेखाची तयारी करेपर्यंत मलाही नव्हते.

आपल्या किल्ल्यापाशी चिमाजी अप्पांचा पुतळा आहे. मे १७३९ मध्ये वसई पडली ती तटाखाली सुरुंग खणून, दारू ठासून, बुरूज उडवल्यावर. अंधारात, वरून मारा होत असताना माती उपसणारी ती माणसं कोण होती, त्यांची नावं आपल्याला येत नाहीत. किल्ल्यात रील करायला जाल तेव्हा त्यांचाही विचार करा.

माझा भाऊ दुसऱ्या दिवशी पहाटे ग्राउंडवर गेला. सोळाशे मीटर अजून साडेसहा मिनिटांच्या वर जातात, गोळाफेक बरी आहे. त्याला मी एवढंच म्हणाले, कमांडो झालास तर मिरवीनच. पण नुसता हवालदार राहिलास आणि एखाद्या रात्री पहिला पोचलास, तर तेव्हा तुझ्या हातात काठी नसावी, एवढ्यासाठी मी लिहीत राहीन.